वाचक विचारतात : प्रांत फुटला तर अणुबॉम्ब कुणाचा?

मागच्या अंकात स्कॉटलंडच्या स्वातंत्र्याच्या मागणीवर चार ओळी लिहिल्या होत्या, तर यावेळी बहुतेक प्रश्न त्यावरच आलेत. सारखे प्रश्न एकत्र केलेत. काहींना दोन ओळीत उत्तर दिलंय कारण तेवढंच पुरतं, रागावू नका.

प्रश्न : स्कॉटलंड उद्या खरंच वेगळं झालं तर ब्रिटनचे अणुबॉम्ब स्कॉटलंडचे होणार का? आणि होणार नसतील तर मग धोका कसला?

नाही होणार, आणि तिथल्या स्वातंत्र्यवाद्यांना ते नकोच आहेत. उलट आहे प्रकरण. ब्रिटनची अख्खी अणुशक्ती म्हणजे चार पाणबुड्या, व्हँगार्ड वर्गाच्या, आणि त्या चारही स्कॉटलंडमधल्या फासलेन नावाच्या तळावर असतात. ग्लासगोपासून साधारण ४० किलोमीटर. शेजारच्या खाडीवर कूलपोर्ट म्हणून ठिकाण आहे, तिथे वॉरहेड, म्हणजे मिसाईलच्या टोकाला बसणारे अणुबॉम्ब, ठेवतात आणि तिथेच ती मिसाईलवर चढवतात. ब्रिटनकडे अणुबॉम्ब टाकणारं विमान आता नाही, जमिनीवरून सुटणारं अणुमिसाईलही नाही, म्हणजे जे काय आहे ते सगळं या एका कोपऱ्यात. १९६९ पासून एक तरी पाणबुडी कायम समुद्रात लपून असते, खंड न पडता, आणि या गोष्टीचा ब्रिटिश नौदलाला फार अभिमान आहे.

आता स्वातंत्र्य मागणाऱ्या स्कॉटिश नॅशनल पार्टीनं २०१३ च्या श्वेतपत्रिकेत सांगितलं की स्वतंत्र झालो की पहिल्याच संसदेच्या मुदतीत, म्हणजे २०२० पर्यंत, हे सगळं इथून हलवा. सार्वमत झालं १८ सप्टेंबर २०१४ ला, ५५ टक्के लोक नको म्हणाले, ४५ टक्के हो म्हणाले, आणि विषय तेवढ्यापुरता मिटला. पण समजा उलटं झालं असतं तर? पाणबुडी हलवणं सोपं आहे हो, ती तर आहेच फिरायला, कूलपोर्ट हलवणं अवघड. डोंगरात खोदलेली कोठारं, पाण्यावर तरंगता धक्का जिथे पाणबुडीत वॉरहेड चढवतात, आजूबाजूला वस्ती कमी, खोल पाणी, समुद्र जवळ. इंग्लंड-वेल्समध्ये अशी जागा शोधायला बसलं की डेव्हनपोर्ट, फाल्मथ, मिलफर्ड हेवन अशी नावं निघतात आणि प्रत्येकाला काहीतरी नडतं. डेव्हनपोर्टला गोदी आहे पण ती प्लिमथ शहराला चिकटून आहे, तिथे वॉरहेडची चढउतार करायला कोण परवानगी देणार. मिसाईल अमेरिकेत जॉर्जियातल्या किंग्ज बे इथल्या सामायिक साठ्यातून येतात म्हणून काहीजण म्हणाले की तिथेच ठेवा सगळं, काहींनी फ्रान्सचं नाव घेतलं, पण मग स्वतंत्र अणुशक्ती म्हणून मिरवायचं कशाला असा प्रश्न लंडनमधूनच आला.

तर धोका कुठे आहे? मुदतीत आहे. एक बाजू म्हणते चार-पाच वर्षांत चालते व्हा, दुसरी म्हणते नवीन जागा बांधायला त्याच्या दुप्पट तरी वेळ लागेल, आणि मधल्या काळात एका देशाचे बॉम्ब दुसऱ्या देशात बसलेत, रखवालदार एकाचे, रस्ते दुसऱ्याचे. वॉरहेडची देखभाल इंग्लंडात बर्कशायरमध्ये होते, तिथून ती ट्रकच्या ताफ्यातून रस्त्यानं स्कॉटलंडला जातात, शेकडो किलोमीटर. आज एका देशातला रस्ता आहे म्हणून पोलीस एक, कायदा एक. उद्या मधे सीमा आली की तो ताफा कुणाच्या परवानगीनं जाणार, अपघात झाला तर कोण धावणार, आंदोलकांनी रस्ता अडवला तर कुणाचे पोलीस उचलणार. बातमीत या गोष्टी कंटाळवाण्या वाटतात पण सुरक्षेचा प्रश्न बहुतेक वेळा अशाच ठिकाणी अडतो.

२०१३ मध्ये एक बातमी फुटली होती की संरक्षण खात्यात असाही विचार चाललाय की फासलेन हा ब्रिटनचाच तुकडा म्हणून ठेवायचा, सायप्रसमध्ये १९६० पासून अक्रोतिरी आणि धेकेलिया हे तळ आहेत तसा. दुसऱ्याच दिवशी पंतप्रधान कार्यालयानं हात झटकले. साहजिक आहे, अर्धी निवडणूक तिथेच हरले असते. आयर्लंडच्या वेळी असंच केलं होतं, १९२१ च्या तहात तीन बंदरं ब्रिटिश नौदलाकडे राहिली आणि १९३८ मध्ये ती परत द्यावी लागली, पुढच्याच वर्षी महायुद्ध सुरू झालं आणि चर्चिल त्यावरून शेवटपर्यंत चरफडत राहिले.

बाकी जे सांगतात ना, की स्कॉटलंड फुटलं की रशियन पाणबुड्या मोकाट, त्यात तथ्य थोडं आहे आणि आरडाओरडा जास्त. आइसलंड आणि स्कॉटलंडमधला समुद्र हा रशियन नौदलाचा अटलांटिकमध्ये यायचा दरवाजा आहे हे खरं, लॉसीमथच्या तळावरून गस्तीची विमानं जातात हेही खरं. पण स्कॉटिश नॅशनल पार्टीनं २०१२ मध्येच पक्षाचं जुनं धोरण बदलून नाटोत राहू असं ठरवलं होतं, त्यावरून त्यांचे दोन आमदार पक्ष सोडून गेले. नॉर्वे आणि डेन्मार्क १९४९ पासून नाटोत आहेत आणि शांततेच्या काळात आपल्या जमिनीवर अणुबॉम्ब ठेवू देत नाहीत, कुणाचं काही अडलेलं नाही. नाटोचे माजी सरचिटणीस जॉर्ज रॉबर्टसन, जे स्वतः स्कॉटिश, त्यांनी २०१४ मध्ये अमेरिकेत जाऊन भाषण केलं की हे झालं तर जगासाठी प्रलयच. मला ते भाषण निवडणुकीचं वाटलं, सुरक्षेचं कमी.

प्रश्न : युक्रेनकडे जगातला तिसऱ्या नंबरचा अणुसाठा होता आणि त्यांनी तो फुकटात देऊन टाकला, हा मूर्खपणा नाही का?

हा प्रश्न २०२२ नंतर सगळेच विचारतात. फुकटात नाही दिला आणि पूर्ण अर्थानं तो त्यांच्याकडे नव्हताही.

डिसेंबर १९९१ मध्ये सोव्हिएत युनियन फुटला तेव्हा लांब पल्ल्याची अण्वस्त्रं रशियासोबत आणखी तीन नव्या देशांत उरली. युक्रेनमध्ये १७६ आंतरखंडीय मिसाईल आणि बॉम्बर विमानं धरून साधारण १९०० वॉरहेड, कझाकस्तानात १०४ महाकाय मिसाईल आणि चौदाशेच्या आसपास वॉरहेड, बेलारूसमध्ये ट्रकवर फिरणारी ८१ मिसाईल. आकडे ऐकून छाती दडपते. पण डागण्याचे कोड मॉस्कोत. बँकेच्या लॉकरसारखं आहे ते, लॉकर तुमच्या घराच्या भिंतीत बसवलाय पण चावी बँकेकडे. आता काहीजण म्हणतात की युक्रेनकडे इंजिनियर होते, मिसाईलचा मोठा कारखाना द्नेप्रोपेत्रोव्स्कला होता, दोन-तीन वर्षांत कुलूप फोडलं असतं. असेलही. पण वॉरहेड बनायची रशियात, त्यांची मुदत संपत आली की दुरुस्ती तिकडे, आणि हे सगळं स्वतः उभं करायला पैसा लागतो जो त्यावेळी युक्रेनकडे पगार द्यायलाही नव्हता. शिवाय चेर्नोबिल होऊन चारच वर्षं झाली होती तेव्हा, म्हणजे जुलै १९९० मध्ये, त्यांच्या संसदेनं सार्वभौमत्वाच्या ठरावातच लिहून टाकलं की आम्ही अण्वस्त्रं ठेवणार नाही.

बदल्यात काय मिळालं तर जानेवारी १९९४ च्या तीन देशांच्या कराराप्रमाणे अणुवीज केंद्रांसाठी १०० टन इंधन, अमेरिकेची आर्थिक मदत, आणि ५ डिसेंबर १९९४ ला बुडापेस्टमध्ये एक कागद ज्यावर रशिया, अमेरिका, ब्रिटन यांनी सही केली की युक्रेनच्या सीमांचा मान राखू. जून १९९६ मध्ये शेवटचं वॉरहेड रशियाला गेलं. २०१४ मध्ये क्रिमिया गेला.

माझं मत विचाराल तर बॉम्ब देणं ही चूक नव्हती, चूक होती ती कागदात. त्यात सीमा मोडली तर कोण सैन्य पाठवणार, किती दिवसांत, हे कुठेच नाही. अणुबॉम्बनं धमकावलं तर सुरक्षा परिषदेत जाऊ, शंका आल्या तर एकत्र बसून बोलू, एवढंच. आणि सुरक्षा परिषदेत रशियाला नकाराधिकार आहे हे सह्या करणाऱ्या सगळ्यांना त्या दिवशीही माहीत होतं की. म्हणून वेगळं होणाऱ्या देशानं खरी भांडाभांडी करायची ती वॉरहेडच्या संख्येवर नाही, या कलमांवर.

प्रश्न : फुटण्याच्या गोंधळात अतिरेक्यांच्या हातात बॉम्ब पडायची भीती कितपत खरी?

तयार बॉम्बची कमी, कच्च्या मालाची बऱ्यापैकी खरी.

तयार बॉम्बांवर सगळ्यांचा डोळा असतो. सोव्हिएत फुटीच्या वेळी खरी काळजी होती ती छोट्या बॉम्बांची, तोफगोळे, सुरुंग, कमी पल्ल्याची मिसाईल, जी डझनभर प्रजासत्ताकांत पसरलेली. ती मे १९९२ पर्यंत सगळी रशियात ओढून घेतली, ट्रेननं, घाईघाईत, आणि हे काम इतकं शांतपणे झालं की त्याची आठवणही कुणी काढत नाही. पण अणुसामान म्हणजे फक्त बॉम्ब नाही ना, प्रयोगशाळा असतात, संशोधनाच्या अणुभट्ट्या असतात, इंधनाचे कारखाने असतात, आणि तिथे रखवालीला बऱ्याचदा एक साधं कुलूप आणि पगार थकलेला माणूस असतो.

दोन गोष्टी शेजारी ठेवून बघा. पहिली कझाकस्तानातली. उस्त-कामेनोगोर्स्कच्या कारखान्यात बॉम्बच्या दर्जाचं जवळजवळ ६०० किलो समृद्ध युरेनियम पडून होतं, वीसेक बॉम्ब सहज झाले असते. कझाक सरकारनं स्वतः अमेरिकेला सांगितलं, अमेरिकेची टीम गुपचूप येऊन कित्येक आठवडे पॅकिंग करत बसली, आणि नोव्हेंबर १९९४ मध्ये मोठ्या मालवाहू विमानांतून ते सगळं टेनेसीला नेलं. दुसरी गोष्ट सुखुमीची. हे अबखाझियात, म्हणजे जॉर्जिया या देशातून फुटणारा प्रांत, जॉर्जिया स्वतः अणुशक्ती नव्हता पण सोव्हिएत काळातली एक भौतिकशास्त्र संस्था तिथे होती आणि तिच्याकडे थोडं समृद्ध युरेनियम, दोन किलोच्या आत. १९९२-९३ मध्ये तिथे लढाई झाली, कामगार-शास्त्रज्ञ पळाले, काही जणांनी जीव मुठीत धरून पहारा द्यायचाही प्रयत्न केला. १९९७ मध्ये रशियन पथक मोजदाद करायला गेलं तर माल गायब, आणि तो पुढेही सापडला नाही.

फरक काय तर एका ठिकाणी आधी सह्या झाल्या आणि दुसरीकडे आधी गोळ्या सुटल्या. दोन किलोत बॉम्ब होत नाही, हे खरं, पण सहाशे किलो सुखुमीत असतं तर आज आपण काय बोलत बसलो असतो याचा विचार करा.

कझाकस्तानातल्या सेमिपलाटिन्स्क या अणुचाचणी मैदानाचंही सांगतो, कारण ते माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित. सोव्हिएत युनियननं तिथे ४५६ अणुचाचण्या केल्या. ऑगस्ट १९९१ मध्ये मैदान बंद झालं, सैन्य निघून गेलं, आणि मागे डोंगरातल्या बोगद्यांत प्लुटोनियमचे अवशेष राहिले. आसपासचे लोक तांब्याच्या तारा आणि लोखंड काढायला त्याच बोगद्यांत शिरायचे, पोटासाठी, भंगार विकायला. अमेरिका, रशिया आणि कझाकस्ताननं मिळून ते बोगदे सिमेंटनं भरायचं काम पूर्ण केलं २०१२ मध्ये. देश फुटून एकवीस वर्षं झाली होती तेव्हा.

प्रश्न : अणुशक्ती असलेला देश फुटीर प्रांतावर अणुबॉम्बची धमकी देऊ शकतो का?

देऊ शकतो पण उपयोग काय. जो प्रांत आपला आहे म्हणून भांडताय त्याच्यावरच टाकणार? सोव्हिएत युनियनकडे हजारोंनी बॉम्ब होते आणि तरी तो फुटला. रशियातून फुटू पाहणाऱ्या चेचन्याच्या पहिल्या युद्धात, १९९४ ते ९६, रशिया चक्क हरला, त्या बॉम्बांचा काडीचा फायदा झाला नाही. उलट चेचन बंडखोरांनीच नोव्हेंबर १९९५ मध्ये मॉस्कोच्या इझ्मायलोव्हो पार्कमध्ये किरणोत्सर्गी सीझियमचं एक पाकीट पुरलं आणि टीव्हीवाल्यांना सांगितलं, जा उकरा. कुणी मेलं नाही, पण धमकीची दिशा बघा.

बॉम्बचा उपयोग दुसरीकडे होतो, तो म्हणजे बाहेरच्यांना लांब ठेवायला. १९९९ हे एकच वर्ष घ्या. सर्बियातून फुटू पाहणाऱ्या कोसोवोसाठी नाटोनं सर्बियावर ७८ दिवस बॉम्बफेक केली. त्याच वर्षी रशिया चेचन्यात दुसऱ्यांदा घुसला, ग्रोझनी शहराची अक्षरशः माती केली, आणि पाश्चिमात्य देशांनी निषेधाची पत्रकं काढली. याला बाकी कारणंही आहेत मान्य, पण अणुशक्तीच्या घरात कुणी हात घालत नाही हे फुटू पाहणाऱ्या प्रत्येक प्रांतानं ओळखून असावं, बाहेरून मदत येईल या भरवशावर राहू नये.

प्रश्न : अणुशक्तीतून वेगळं झालेला पहिला प्रदेश म्हणजे युक्रेन वगैरेच ना?

नाही, अल्जीरिया. लोक विसरतात कारण ती वसाहत होती असं आपण धरतो, पण फ्रान्सच्या कायद्यानं उत्तर अल्जीरिया फ्रान्सचेच जिल्हे होते आणि सहारा पण पॅरिसच्याच ताब्यात. फ्रान्सनं पहिला अणुस्फोट १३ फेब्रुवारी १९६० ला तिथेच केला, रेगानला, स्वातंत्र्ययुद्ध ऐन भरात असताना.

एप्रिल १९६१ मध्ये अल्जियर्समध्ये चार फ्रेंच सेनापतींनी राष्ट्राध्यक्ष द गॉलविरुद्ध बंड केलं, आणि त्याच आठवड्यात, २५ तारखेला, रेगानला चौथा स्फोट उरकण्यात आला. बॉम्ब बंडखोरांच्या हाती पडू नये म्हणून घाई केली असं बरेच इतिहासकार मानतात. मला यात महत्त्वाचं हे वाटतं की भीती अल्जीरियन स्वातंत्र्यसैनिकांची नव्हती, स्वतःच्याच सेनापतींची होती. मॉस्कोतही तेच, ऑगस्ट १९९१ च्या बंडात गोर्बाचेव्ह क्रिमियातल्या बंगल्यात अडकले आणि त्यांच्या अणुपेटीचा, म्हणजे अणुहल्ल्याचा हुकूम द्यायच्या पेटीचा, संपर्क तुटला. प्रांत जातोय त्यापेक्षा केंद्र डगमगतंय तो आठवडा जास्त वाईट. याची तयारी मात्र कुणी करत नाही, सगळे नकाशाकडे बघत बसतात.

आणि गंमत, म्हणजे गंमत कसली, मार्च १९६२ च्या एव्हियाँ करारात फ्रान्सनं सहारातली मैदानं आणखी पाच वर्षं वापरायची सोय करून घेतली. एकूण १७ पैकी ११ चाचण्या अल्जीरिया स्वतंत्र झाल्यानंतरच्या, १९६६ पर्यंत. मग ते पॅसिफिकमध्ये मुरुरोआला गेले. फासलेनबद्दल भाडेपट्ट्याची चर्चा निघते तेव्हा हे उदाहरण कुणी फारसं देत नाही, कारण अल्जीरियात किरणोत्सर्गी कचरा नेमका कुठे कुठे पुरला यावरून दोन्ही देशांचं अजून बिनसलेलं आहे.

प्रश्न : नवीन देश बॉम्बसकट अण्वस्त्रप्रसारबंदी करारात जाऊ शकतो का?

नाही. करारानुसार अण्वस्त्रधारी फक्त तेच ज्यांनी १ जानेवारी १९६७ च्या आधी स्फोट केला, म्हणजे पाचच. बाकी कुणालाही यायचं तर बॉम्ब बाहेर ठेवून. न येताही बॉम्ब ठेवता येतो, त्याची किंमत किती ते उत्तर कोरियाला विचारा.

प्रश्न : बलुचिस्तान वेगळा झाला तर पाकिस्तानचे बॉम्ब बलुचांच्या हाती जातील असं व्हॉट्सॲपवर फिरतंय, खरं का?

ज्यांनी ते लिहिलंय त्यांनी चाचणीची जागा आणि साठवणुकीची जागा एकच धरलीय. २८ मे १९९८ च्या चाचण्या बलुचिस्तानात चागईला झाल्या, ३० मे ची खारानच्या वाळवंटात, तीही बलुचिस्तानातच. पण चाचणी झाली म्हणजे गोदाम तिथे असं नसतं. युरेनियम समृद्ध करायचं मुख्य केंद्र कहुटा, ते पंजाबात, रावळपिंडीजवळ. सगळ्या अण्वस्त्रांचा ताबा लष्कराच्या एका खास विभागाकडे आहे. तिथला धोका मला वेगळा दिसतो, तो म्हणजे गडबड झाली की लष्कर सामान एका जागेवरून दुसरीकडे हलवणार, आणि रस्त्यावर असलेलं सामान कोठारातल्यापेक्षा कायम जास्त उघडं.

आणि एक लक्षात घ्या, पाकिस्तान फुटला म्हणून बॉम्ब आला. डिसेंबर १९७१ मध्ये बांगलादेश गेला आणि महिन्याभरात, जानेवारी १९७२ मध्ये, भुट्टोंनी मुलतानला शास्त्रज्ञांची बैठक बोलावली.

प्रश्न : बेलारूसनं दिलेले बॉम्ब परत घेतले म्हणे?

त्यांनी शेवटचं मिसाईल नोव्हेंबर १९९६ मध्ये रशियाला पाठवलं होतं. फेब्रुवारी २०२२ च्या सार्वमतात राज्यघटनेतलं अण्वस्त्रमुक्त राहायचं कलम काढलं आणि २०२३ मध्ये रशियानं तिथे कमी पल्ल्याची अण्वस्त्रं ठेवायची घोषणा केली. चावी रशियाकडेच राहील असं मॉस्कोनं सांगितलंय, त्यामुळे परत घेतले म्हणता येणार नाही, परत ठेवायला जागा दिली एवढंच.